काळी एकची टकटक

नितीनचा फोन आला तेव्हा मी नौपाड्यातल्या क्लासवर होते आणि समोरची मुलगी भूपाची सरगम उलट्यापालट्या बोटांनी वाजवत होती. "अण्णा गेले गं," एवढंच तो म्हणाला. मी "निघते" म्हटलं, फोन ठेवला, त्या मुलीला "अंगठा खालून घे, वरून नाही" असं सांगितलं आणि मग पर्स उचलली. सासरे गेल्याचं कळल्यावर हिला अंगठा कसा सुचला, असं कुणाला वाटेल. वाटू दे. रिक्षात बसल्यावर डोळ्यांसमोर काही तरळलं वगैरे नाही. रडूही आलं नाही. राग आला. तोंडाने काहीतरी पुटपुटत असणार मी, कारण रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, गेलात ना शेवटी! एकदाही न ऐकता गेलात!

आता महिना उलटून गेलाय. नितीनचा एक मित्र पेपरच्या पुरवणीचं काम बघतो. "वहिनी, अण्णांवर लिहा ना, तुम्ही दोघं एकाच क्षेत्रातले," असं तो म्हणाला आणि माझा नवरा घाबरला. "गोड लिही हं, मेधा." गोड! ज्या माणसाने जन्मभर बिनसाखरेचा चहा प्यायला आणि दुसऱ्याला कधी गोड शब्द दिला नाही, त्याच्यावर मी गोड लिहू? दहाव्यापासून आमच्या हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, देवमाणूस. भजनी मंडळात कीबोर्ड वाजवणारे परबकाकासुद्धा तेच म्हणाले. याच परबकाकांना अण्णांनी याच हॉलमध्ये सुनावलं होतं, "तुम्ही जसं वाजवता ना, मी ती पट्टी असतो तर मीही खाली गेल्यावर परत वर आलो नसतो." काका रुमालाने डोळे पुसत होते आणि त्यांच्या हातात चहाचा कप देताना मी मनात म्हणत होते, काय लोक आहेत हे, माणूस मेला की स्वतःचा अपमानही विसरतात. मी नाही विसरणार.

अण्णा मानपाड्याजवळच्या एका केमिकल कंपनीत होते. प्रेशर दाखवणारे मीटर दुरुस्त करायचं काम, तेही तीन पाळ्यांत. लग्न होऊन मी या घरात आले ती माझा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड बरोबर घेऊन. पहिल्याच आठवड्यात दुपारी वाजवायला बसले, तर अण्णा आतल्या खोलीतून बाहेर आले. डोळे तारवटलेले, बनियन उलटा. "रात्रपाळी करून आलोय. घरात पेटी नको." दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ते हेडफोन घेऊन आले आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवले. झालं! त्या दिवसापासून मी या घरात हेडफोन लावूनच रियाज केला. हेडफोन लावून वाजवणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. तुमच्या कानात सगळी मैफल चालू असते आणि बाहेरच्याला दिसते फक्त एक बाई, प्लास्टिकवर बोटं आपटणारी. नितीनला सूर कशाशी खातात हे माहीत नाही. सासूबाई बिचाऱ्या भोळ्या, त्यांना सगळंच छान वाटायचं. त्या घरात कान असलेला माणूस एकच होता. मला त्या माणसाकडून दुसरं काही नको होतं. एकदा समोर बसून त्याने माझं ऐकावं आणि बरं-वाईट जे असेल ते तोंडावर सांगावं, एवढंच. पुढे अण्णा रिटायर झाले, रात्रपाळी संपली, दुपारची झोपही सुटली; पण "काढ आता तो हेडफोन" हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. आणि मी का विचारायचं? ज्याने घातला त्याने काढावा.

रिटायर झाल्यावर ते कीबोर्ड दुरुस्त करायला लागले. आमच्या खोलीच्या खिडकीबाहेरची गॅलरी त्यांनी बंद करून घेतली आणि तिथे आपलं दुकान थाटलं. डोंबिवलीतले निम्मे क्लासवाले, भजनी मंडळं, हळदीला वाजवणारी पोरं, सगळे त्या गॅलरीत यायचे. कुणाची पट्टी दाबली की वर येत नाही, कुणाची खटखट वाजते, कुणाची दोनदा दाबल्याशिवाय बोलत नाही. माझ्या कणकेच्या परातीत लोकांच्या कीबोर्डच्या पट्ट्या साबणाच्या पाण्यात भिजत पडलेल्या असायच्या आणि मग वर्तमानपत्रावर वाळवणासारख्या पसरलेल्या. मी परातीबद्दल बोलले तर म्हणाले, "पट्ट्या स्वच्छ आहेत, कणीक तुझी तू बघ." काय बोलणार अशा माणसाशी!

त्यांची तपासायची पद्धतही जगावेगळी. आलेल्या माणसाला मशीन लावूच द्यायचे नाहीत. "बटन बंद ठेव. आता वाजव." समोरचा गोंधळायचा. "अण्णा, करंट नाही ना." "करंट कशाला हवाय? सूर बिघडलाय का? पट्टी बिघडलीय." मग स्वतः त्याच्याकडे पाठ करून, ग्रिलकडे तोंड करून बसायचे. तो बिचारा मुक्या मशीनवर आरती वाजवायचा, नुसती टपटप, टपटप... आणि अण्णा पाठमोरेच सांगायचे, "मधल्या सप्तकातली पांढरी चार आपटतेय. आणि तू डाव्या हाताने काहीच करत नाहीस, हात खिशात ठेवलास तरी चालेल." माणूस लाजून लालबुंद. हे मी खिडकीतून रोज बघायचे आणि मला त्या गिऱ्हाइकांची कीव यायची. कीव आणि हेवाही, खोटं कशाला सांगू. त्या ढ लोकांचं ऐकायला यांच्याकडे वेळ होता. बटन बंद ठेवून का होईना, पण ऐकत होते!

दसरा झाला की त्यांचा खरा सीझन सुरू व्हायचा. आपली माणसं दसऱ्याला वाद्याची पूजा करतात, चांगलंच आहे ते, पण पेटीची पूजा करायची सवय कीबोर्डवर तशीच उतरवतात. पट्ट्यांना हळदीकुंकवाची बोटं, वरून अक्षता, शेजारी नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचं. कुंकू ओलं होऊन आत उतरतं, नारळाचं पाणी सुकून चिकट होतं आणि तांदूळ नेमके दोन पट्ट्यांच्या फटीत जाऊन बसतात. अण्णा चिमट्याने एकेक दाणा काढून वाटीत टाकायचे आणि मालकाला वाटी दाखवायचे. "घेऊन जा. पुलाव होईल." त्यातून कुणी आपलं डोकं चालवून शिलाई मशीनचं तेल सोडलेलं असलं, तर मग विचारू नका.

आणि एका दसऱ्याला हे आमच्याच घरात झालं. मी ओटा आवरत होते तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या कीबोर्डची पूजा केली. माझ्या सुनेचं वाद्य म्हणून भरभरून केली. प्रत्येक पट्टीला कुंकू, मूठभर अक्षता आणि अख्ख्या नारळाचं पाणी. संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला शेजारपाजारचे आले होते, माझे आईबाबाही ठाण्याहून आलेले, आणि त्या सगळ्यांसमोर अण्णांनी तो कीबोर्ड पाहिला. "क्लास घेते म्हणे! वाद्याला अशी आंघोळ घालणारी बाई दुसऱ्याच्या मुलांना काय शिकवणार?" माझ्या बाबांच्या हातातलं पान तसंच राहिलं. पडद्याआड सासूबाई पदर तोंडात धरून उभ्या होत्या, मी त्यांच्याकडे बघितलं आणि गप्प बसले. अण्णांना काय कळलं नसेल? संसार केला त्या बाईबरोबर, तिच्या कुंकवाचं बोट ओळखता येत नव्हतं? पण सुनावायला सून बरी असते. माझ्या वडिलांसमोर मला ते बोलले, हे मी तेव्हाही पोटात घातलं नाही आणि आता ते गेले म्हणून घालणार नाही.

मशीन त्यांनी गॅलरीत नेलं ते कितीतरी दिवस बाहेर येईना. शेवटी एकदा आणून टेबलावर ठेवलं. मी वाजवून पाहिलं, बोटं नुसती लोण्यावरून गेल्यासारखी. सगळ्या पट्ट्या नव्यासारख्या, फक्त मधल्या सप्तकातली काळी एक दाबली की खाली टक् करून आपटायची. आणि काळी एक म्हणजे माझा सा! मी लहानपणापासून रियाजाला काळी एकच धरते. सगळं फिरून जिथे परत यायचं, नेमकी तीच पट्टी. हेडफोनमधून ती टकटक मला फारशी ऐकू यायची नाही, पण बोटाला कळायची, खड्यावर पाय पडल्यासारखी. "अण्णा, ही एक राहिली," मी म्हटलं. "जुनं मॉडेल आहे. पार्ट मिळत नाही. तेवढं चालवून घे." नंतरही विचारलं, दरवेळी तेच, पार्ट मिळत नाही. हा माणूस मोडक्या छत्रीच्या तारेतून स्प्रिंग बनवून द्यायचा, लोकांच्या तुटक्या पट्ट्या खिळा तापवून जोडायचा, आणि सुनेच्या मशीनला पार्ट मिळत नाही! मी समजले. ही शिक्षा आहे. दसऱ्याची आठवण राहावी म्हणून ठेवलेली.

त्यातून त्यांचा तो रेडिओ. सकाळपासून गॅलरीत रेडिओ चालू असायचा, बातम्या, शेतीचे भाव, जुनी गाणी, काहीही. दुपारी मी खोलीत येऊन हेडफोन कानाला लावला की खिडकीपलीकडून खट्! रेडिओ बंद. रोज. मी उठले की पुन्हा चालू. किती टोचायचं ते! म्हणजे मी संगीताला बसले की यांना संगीत नको. सासूबाई होत्या तोवर मी त्यांच्याकडे कुरकुर करायचे. त्या म्हणायच्या, "अगं, डुलकी काढत असतील." डुलकी कसली, माणूस खुर्चीत ताठ बसलेला असायचा.

मधूनच जेवताना काहीतरी बोलायचे. पानाकडे बघत, आमटी कालवत. "जागेवर परत येताना धावतेस." किंवा, "आज तो तुकडा तीनदा तुटला." मी चाट पडायचे. "तुम्हाला काय माहीत?" "माहितीय." मला संशय होता की हे खिडकीतून माझ्या बोटांवर पाळत ठेवतात. एकदा वाजवता वाजवता मी पटकन उठून पडदा बाजूला सारला. अण्णा माझ्याकडे पाठ करून बसले होते, ग्रिलकडे तोंड, हातात स्क्रू ड्रायव्हर, समोर उघडं मशीन. मी खजील होऊन पडदा सोडून दिला... आणि वर स्वतःवरच चिडले, की मी का खजील व्हावं.

नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये माझा कार्यक्रम होता, तेव्हाची गोष्ट तर मी मरेपर्यंत सांगणार आहे. नेहमी साथीला बसणारी मी, त्या दिवशी पहिल्यांदा एकटीचं वादन होतं. माहेरचे सगळे पहिल्या रांगेत. अण्णांना मी स्वतः सांगितलं, "अण्णा, तुम्ही या." ते म्हणाले, "त्या दिवशी मला नौपाड्यातच काम आहे, रबराच्या पट्ट्या आणायच्यात." मी मूर्ख, मला वाटलं हा यांचा होकार. वाजवताना प्रत्येक वेळी दार उघडलं की मी बघत होते. आले नाहीत. हॉलपासून हाकेच्या अंतरावर ते दुकान! घरी आले तर हे पिशवीतून रबर काढून लांबी बघत बसलेले. "का नाही आलात?" म्हटलं, मला आवाज आवरेना. "हॉलच्या भोंग्यांवर काय कळतं वाजवणं? नुसता गोंगाट." असं म्हणाले आणि परत रबराकडे वळले. त्या रात्री मी जेवले नाही. नितीन म्हणाला, "अगं, ते तसेच आहेत." ते तसेच आहेत म्हणून घरातल्या सगळ्यांनी त्यांना तसंच ठेवलं, हेच तर माझं दुखणं होतं.

शेवटच्या आजारपणात डोंबिवलीतल्याच हॉस्पिटलमध्ये होते. मी डबा घेऊन गेले होते, ती आमची शेवटची भेट. मला वाटलं, आता तरी बोलतील काही. ऑक्सिजनची नळी जरा बाजूला करून म्हणाले, "ते तुझं मशीन बाहेर कुणाकडे देऊ नकोस. बाहेरचे लोक वाट लावतात." एवढंच. माणूस जायला टेकला तरी तोरा तोच, माझ्यासारखा कारागीर नाही! मी "नाही देत" म्हटलं आणि खिचडी भरवली. खिचडीत मीठ कमी होतं, हेही त्यांनी सांगितलं.

तेराव्यानंतर नितीनने गॅलरी आवरायला काढली. लोकांची मशीन्स ज्याची त्याला परत गेली. माझ्या मनात एकच होतं, आता ती टकटक पहिली घालवायची. बाहेर देणार नाही म्हणून शब्द दिला होता, ठीक आहे, मीच उघडते. इतकी वर्षं खिडकीतून बघत होते, काही अवघड नव्हतं. त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांच्याच स्क्रू ड्रायव्हरने मी कीबोर्ड उलटा करून मागचे स्क्रू काढले. आतल्या पट्ट्या सोडवल्या. पट्ट्यांच्या खाली फेल्टची एक लांब फीत असते, जाड मऊ कापडाची, पट्टी खाली आली की तिच्यावर अलगद टेकावी म्हणून. माझ्या मशीनमध्ये ती या टोकापासून त्या टोकापर्यंत शाबूत होती. फक्त काळी एकच्या खाली बोटभर जागा मोकळी. झिजलेली नाही, फाटलेली नाही. दोन्ही कडा ब्लेडने सरळ कापलेल्या.

मग बाजूला ठेवलेलं तळाचं झाकण उचललं, तर त्याच्या आतल्या बाजूला औषधाच्या चिकटपट्टीखाली तो कापलेला तुकडा लावून ठेवलेला होता. नीट, व्यवस्थित, हरवू नये असा. म्हणजे पार्ट मिळत नव्हता तो पार्ट सगळा वेळ मशीनच्या पोटातच होता! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की समोर असते तर त्यांना सासरे म्हणून पाहिलं नसतं मी. जाणूनबुजून! दसऱ्याचा सूड म्हणून ब्लेड घेऊन बसले असतील आणि कापलं असेल. मी तो तुकडा उचकटला, त्यांच्याच डब्यातला गोंद लावला आणि जागच्या जागी चिकटवून टाकला. वाळू दिला, सगळं परत जोडलं. काळी एक दाबली. आवाज नाही. किती शांत, किती मऊ! संपली म्हटलं तुमची शिक्षा.

रविवार होता, नितीन हॉलमध्ये पेपर वाचत पडलेला. मी सवयीने हेडफोन लावला आणि रियाजाला बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोट अडखळलं नाही. बराच वेळ वाजवलं असेन, तर नितीन दारात येऊन उभा. त्याचे ओठ हलले म्हणून मी हेडफोन खाली ओढला.

"अगं, बसलीयस होय? मला वाटलं, आज वाजवत नाहीस."

"वाजवतेच आहे की."

"मग ते टकटक?"

"कसलं टकटक?"

"ते नाही का, तुझं रोजचं. अण्णा त्याच्यावरून तर ऐकायचे. तू बसलीस की रेडिओ बंद करायचे, नाहीतर कळत नाही म्हणायचे, कुठे पोचली ते. टक् झालं की म्हणायचे, आली जागेवर." तो दाराला टेकून अगदी सहज सांगत होता. "कधी कधी मांडीवर ताल धरून बसायचे. मी चहा विचारला तर हातानेच थांब म्हणायचे."

मग सगळं एकदमच तोंडाबाहेर आलं. "आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

"मला वाटलं तुला माहितीय," तो म्हणाला. खरंच तसं वाटलं होतं त्याला. बापलेक दोघे एकाच मुशीतले!

तो गेल्यावर मला रडू आलं. आलं तेही संतापाचंच. अहो, खिडकी होती मध्ये! हात घालून माझ्या कानावरचा हेडफोन काढता आला असता. "मेधा, ऐकू दे," दोन शब्द. ते दोन शब्द बोलावे लागू नयेत म्हणून या माणसाने चांगल्या मशीनची फेल्ट कापली, वर्षानुवर्षं खोटं बोलला, मला मनातल्या मनात जळू दिलं, आणि पाठ करून बसून मुक्या प्लास्टिकवरून माझा सगळा रियाज ऐकला. हॉलमध्ये का आले नाहीत, तेही तेव्हा कळलं. भोंग्यांची काय गरज होती त्यांना, त्यांनी तर घरी बसून सगळंच ऐकलं होतं. पण मला कुठे ठाऊक होतं? ऐकणाऱ्याने ऐकलं आणि वाजवणारीला कळलंच नाही, याला ऐकणं म्हणतात का? मी माफ केलेलं नाही. कुणी येऊन देवमाणूस म्हणालं तर मी आजही उठून आत जाते.

लावलेली फेल्ट मी काढणार नाही. त्या दुपारी मी हेडफोनची वायर मशीनमधून उपसून काढली. खिडकी सताड उघडली. गॅलरीत ती खुर्ची ग्रिलकडे तोंड करून होती, शेजारी रेडिओ, बंद. मी आवाजाचं बटन शेवटपर्यंत सरकवलं आणि काळी एकवर बोट ठेवलं. सबंध मजल्यावर घुमला माझा सा. नितीन आतून ओरडला, "अगं, शेजारी काय म्हणतील?"

"म्हणू देत," मी म्हटलं, आणि खिडकीतून त्या खुर्चीला म्हटलं, "ऐका आता. टकटक नाही, मला ऐका."